लढाऊ विमान की मालवाहू विमान?



शाळेच्या पटांगणात कवायत चालली आहे आणि डोक्यावरून विमान गेले, म्हणजे काय होते ते शिक्षकबंधूंना मी सांगायला नको. हातपाय जागच्या जागी थांबतात, माना वर होतात, आणि विमान ठिपक्याएवढे होईपर्यंत कोणी खाली पाहत नाही. मग एखादा धीट मुलगा म्हणतो, "गुरुजी, मी वैमानिक होणार." "होशील बाबा, पण कोणते विमान चालवशील?" असे त्याला विचारून पाहा. उत्तर ठरलेले आहे. "लढाऊ!" पोटात माणसे, धान्याची पोती आणि औषधांच्या पेट्या घेऊन जाणारे अवजड विमान मी चालवीन, असे म्हणणारा मुलगा मला तरी अजून भेटायचा आहे.

मुलाचे त्यात काही चुकले असे नाही. सव्वीस जानेवारीच्या संचलनात कान बधिर करीत जाते ते लढाऊ विमान. चित्रात दिसते ते तेच, सिनेमात दिसते तेही तेच. पण हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, बरं का. विमानदलात दाखल झालेल्या प्रत्येक तरुण वैमानिकापुढे तो एक दिवस उभा राहतो आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य त्यावर ठरते. आपल्या देशाच्या इतिहासातही या दोन्ही प्रकारच्या विमानांची कसोटी एकदा एकाच रणांगणावर लागली. ती १९४७ आणि १९४८ साली, काश्मीरच्या डोंगरांत. त्या वेळी काय घडले ते आज सांगतो. ऐकून झाल्यावर मुलाला काय उत्तर द्यायचे, ते तुमचे तुम्हीच ठरवा.

आधी दोन कामांतला फरक ध्यानात घेऊ. शर्यतीचा खोंड वेगळा आणि ओढीचा बैल वेगळा, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. लढाऊ विमान हलके, चपळ आणि वेगवान. त्यात बहुधा एकच माणूस बसतो. विमान चालवायचे त्यानेच, वाट शोधायची त्यानेच, शत्रू हेरायचा आणि तोफेचा घोडा दाबायचा तोही त्यानेच. चुकला तर सावरायला शेजारी कोणी नाही. असे विमान जोरात वळले म्हणजे वैमानिकाच्या अंगावर विलक्षण भार येतो. आजच्या विमानांत हा भार नऊपट होऊ शकतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला आपले वजन क्षणभर पाचशे चाळीस किलो झाल्यासारखे वाटते. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तशातही शुद्ध राखून निर्णय घ्यायचा, तोही पापणी लवायच्या आत.

अवजड विमानाचे तंत्रच निराळे. त्यात मुख्य वैमानिक असतो, त्याच्या शेजारी दुसरा वैमानिक, आणि बहुधा वाट काढणारा व यंत्रे सांभाळणारा असे आणखी साथीदार. मागे कधी वीस, कधी शंभर माणसे. इथे पापणी लवायच्या आत निर्णय घेण्याचे प्रसंग कमी, पण सात-सात तास डोके थंड ठेवण्याचे प्रसंग फार. ओझे किती, ते पुढे जास्त झाले की मागे, वाटेत ढग कसे आहेत, उतरायची जागा पुरेल का, परत फिरायची वेळ आली तर पेट्रोल पुरेल का, असा सगळा हिशेब मनात सतत चालू ठेवायचा. घाटातून भरलेली एस. टी. नेणारा ड्रायव्हर आठवा. त्याच्या एका चुकीचे मोल त्याला एकट्याला मोजावे लागत नाही.

"म्हणजे अवजड विमान सुरक्षित, नाही का?" असा प्रश्न इथे हमखास येतो. दुसऱ्या महायुद्धाचे आकडे पाहा. जुलै ते ऑक्टोबर १९४० या काळात जर्मन विमानांशी ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली, तीत ब्रिटनच्या बाजूने लढाऊ विमानांतून सुमारे ३,००० जण लढले आणि ५४४ जण कामी आले. त्यांची कीर्ती आजही जगभर गायली जाते, आणि ती रास्तच आहे. पण त्याच ब्रिटनच्या अवजड बाँबफेकी विमानांवर साऱ्या युद्धभर सुमारे १,२५,००० माणसांनी काम केले आणि त्यांतली ५५,५७३ माणसे मेली. शंभरातली चव्वेचाळीस! लँकेस्टर नावाचे विमान पडले, की एका वेळी सात घरांत रडारड व्हायची. तेव्हा अवजड विमानाचा वैमानिक जिवाला जपणारा असतो, हा समज आधी मनातून काढून टाकू या.

आता आपल्याकडे वळू. आपल्या विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. पहिली तुकडी उभी राहिली ती १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला. विमाने किती? अवघी चार! वापिटी नावाची, दुपाखी, उघड्या बैठकीची. या चिमुकल्या दलात १९३६ साली मेहरसिंग नावाचा एक शीख तरुण अधिकारी दाखल झाला. त्याचा जन्म १९१५ सालचा, पंजाबातल्या लायलपूरचा. पुढे सगळे विमानदल त्यांना 'बाबा मेहरसिंग' म्हणून ओळखू लागले. आजच्या आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस तो हाच.

मेहरसिंगांनी नाव कमावले ते छोट्या विमानांवर. वायव्य सरहद्दीवर एकदा त्यांच्या विमानाच्या पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली. विमान टोळीवाल्यांच्या मुलखात, डोंगराळ जागी कसेबसे उतरवावे लागले. मेहरसिंग आणि त्यांचे साथीदार गुलाम अली अंधाराचा फायदा घेऊन, टोळीवाल्यांची नजर चुकवीत पायी आपल्या छावणीत पोचले, आणि दुसऱ्या दिवशी मेहरसिंग पुन्हा विमानात बसले! पुढे महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी हरिकेन विमानांच्या सहा क्रमांकाच्या तुकडीचे नेतृत्व केले. जंगलावरून खाली उडत जाऊन जपानी सैन्याची ठाणी हेरायची आणि छायाचित्रे आणायची, असे ते काम. त्याबद्दल १९४४ साली त्यांना डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. तो मिळालेले भारतीय विमानदलातले ते एकमेव अधिकारी. म्हणजे हा माणूस मुळात हलक्या, वेगवान विमानांतला. ओझ्याच्या विमानाशी त्याचा संबंध आला तो काळाच्या गरजेमुळे.

ती गरज ऑक्टोबर १९४७ मध्ये उभी राहिली. देश स्वतंत्र होऊन अडीच महिने झाले नव्हते. फाळणीत सैन्याची, विमानांची, अगदी टेबलखुर्च्यांचीही वाटणी चालली होती. अशा वेळी टोळीवाले काश्मिरात घुसले. २६ ऑक्टोबरला बारामुल्ला त्यांच्या हाती पडले. तिथून श्रीनगर साधारण पन्नास किलोमीटर. त्याच दिवशी महाराजांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली. सही झाली, पण सैन्य पोचणार कसे? जम्मूहून बनिहाल घाटाचा एक रस्ता होता, तोही लांबचा आणि बिकट. सैन्य पायी निघते तर ते पोचायच्या आत श्रीनगर पडले असते. उरला होता फक्त हवेतला रस्ता.

२७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून डाकोटा विमाने निघाली. हे डाकोटा म्हणजे दोन एंजिनांचे, पंचाण्णव फूट पसरलेल्या पंखांचे, महायुद्धात कामाला आलेले विमान. वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या वेळच्या टेंपेस्ट या लढाऊ विमानाचा वेग याच्या अडीचपटीहून अधिक होता. डाकोटाला ना बंदूक ना तोफ. काही विमाने विमानदलाची होती, तर पुष्कळशी खाजगी कंपन्यांची. काल प्रवासी नेणारे वैमानिक आज सैनिक घेऊन चालले होते. पुढे ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले बिजू पटनाईक हे त्या दिवशी अशाच एका डाकोटाचे वैमानिक होते.

सैन्य होते शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे, आणि त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. श्रीनगरचे विमानतळ शत्रूच्या हाती पडले आहे की नाही, हे दिल्लीत कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. रायांना हुकूम असा होता, की वरून पाहा, शंका आली तर उतरू नका, जम्मूला परत फिरा. कल्पना करा, श्रोतेहो. लढाऊ वैमानिक शंका आली तर जवळ जाऊन पाहू शकतो, गोळी झाडू शकतो, सुळकन निसटू शकतो. या डाकोटावाल्यांनी काय करायचे? मागे शस्त्रे घेतलेले जवान गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, खाली धुळीची धावपट्टी, वाट दाखवणारी यंत्रणा नाही, आणि पट्टीच्या टोकाशी उभी असलेली माणसे आपली की परकी, ते ठाऊक नाही. विमाने उतरली. माणसे आपली होती. जवान उतरले, विमाने परतली, पुन्हा भरून आली. पहिल्या दिवशी तीनशेच्या आसपास जवान पोचले. लगोलग बारामुल्ल्याच्या बाजूला झालेल्या लढाईत कर्नल राय धारातीर्थी पडले, पण टोळीवाल्यांना जो वेळ हवा होता तो त्यांना मिळाला नाही. श्रीनगर वाचले.

यात लढाऊ विमानांचा वाटा कमी होता असे मात्र कोणी समजू नये. अवघ्या चार दिवसांत स्पिटफायर विमाने श्रीनगरच्या पट्टीवर येऊन दाखल झाली. टेंपेस्ट विमानेही बाहेरच्या तळांवरून येऊन टोळीवाल्यांच्या मोटारींवर मारा करू लागली. ७ नोव्हेंबरला शालटेंग इथे ब्रिगेडियर सेन यांच्या फौजेने, चिलखती गाड्यांनी आणि वरून विमानांनी मिळून टोळीवाल्यांचा जो फडशा पाडला, त्यानंतर श्रीनगरचा धोका टळला. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर हे लढाऊ विमानांचे नामांकित वैमानिक. काश्मीरच्या याच युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले, आणि १९७६ ते १९७८ या काळात ते विमानदलाचे प्रमुख झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सुरुवातीच्या त्या दिवसांत ही लढाऊ विमाने ज्या पट्टीवर उतरत, ती राखणारा प्रत्येक जवान आला होता डाकोटातून. खांद्यावरची तलवार चमकते खरी, पण खांदा भाकरीवर उभा असतो.

आता पुंछकडे चला. नोव्हेंबर १९४७ पासून पुंछ शहराला वेढा पडला. आत थोडे सैन्य, त्यांचे प्रमुख ब्रिगेडियर प्रीतमसिंग, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून जीव घेऊन आलेले हजारो निर्वासित. धान्य संपत आले. तेव्हा जवानांनी आणि त्या निर्वासितांनी मिळून कुदळ-फावड्यांनी एक धावपट्टी तयार केली. बायका-मुलांनी दगड वेचले. पट्टी जेमतेम, तीन बाजूंनी ओढे, सभोवती टेकड्या, आणि टेकड्यांवर शत्रू. तिथे विमान उतरवायचे म्हणजे घारीसारखे तिरके खाली यायचे आणि पट्टी संपायच्या आत थांबायचे. थांबले नाही तर ओढ्यात.

मेहरसिंग तोवर एअर कमोडोर झाले होते आणि काश्मीरमधल्या साऱ्या हवाई कारवाईची सूत्रे त्यांच्या हाती होती. अशा अधिकाऱ्याने हुकूम द्यायचा आणि धाकट्यांनी जायचे, ही जगाची रीत. मेहरसिंगांनी ती रीत पाळली नाही. पुंछला उतरलेल्या पहिल्या डाकोटाच्या सुकाणूवर ते स्वतः बसले होते. शेजारी कोण? विमानदलातले ज्येष्ठ अधिकारी आणि पुढे दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी! वरिष्ठ स्वतः उतरून दाखवतो आहे म्हटल्यावर कनिष्ठांनी मागे का राहावे? मग पुंछला डाकोटांची रीघ लागली. येताना धान्य, दारूगोळा आणि तोफा, जाताना जखमी आणि निर्वासित. पुढे शत्रूच्या तोफा पट्टीवर मारा करू लागल्या, तेव्हा रात्री, दिव्यांशिवाय विमाने उतरवली गेली. वेढा मोडला तो नोव्हेंबर १९४८ मध्ये. म्हणजे वर्षभर एक सबंध शहर विमानांनी जगवले.

आणखी एक गंमत सांगतो. याच डाकोटांच्या दारातून बाँब ढकलून शत्रूवर टाकायचीही युक्ती काढली गेली. गरज पडली की ओढीचा बैलही शिंगे उगारतो, तसेच हे.

सगळ्यांत मोठी कसोटी मात्र लेहची. फेब्रुवारी १९४८ मध्ये कॅप्टन पृथ्वीचंद आणि त्यांचे लाहूलचे मूठभर साथीदार भर बर्फात झोजिला घाट पायी ओलांडून लडाखला गेले. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचे लडाखचेच इंजिनियर होते. नोर्बूंनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधू नदीच्या काठी वाळूची एक धावपट्टी तयार केली. उंची? समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फूट. आपले कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेह त्यांच्याहून उंच!

उंचीने काय बिघडते, ते शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून सांगावे. तिथली हवा आपल्याकडच्या हवेच्या जेमतेम सत्तर टक्के दाट असते. विमानाला पेलून धरते ती हवाच. ती विरळ झाली, की तेवढाच आधार मिळवायला विमानाला अधिक वेगाने जावे लागते. त्यामुळे जमिनीला टेकताना विमानाचा वेग नेहमीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त. उलट एंजिनाची ताकद मात्र त्याच विरळ हवेने कमी झालेली. म्हणजे उतरायला पट्टी अधिक लांब हवी, आणि उडायला तर त्याहूनही लांब. त्यात वाटेवर वीस-वीस हजार फुटांची शिखरे. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नाही, पंखांवर साचणारे बर्फ काढायचे साधन नाही, आणि त्या वाटेने आधी कोणी गेलेले नाही.

सेनापती थिमय्यांनी मेहरसिंगांना विचारले, "जमेल का?" उत्तर मेहरसिंगांनी विमानानेच दिले. २४ मे १९४८ रोजी त्यांनी डाकोटा झोजिलावरून, हिमशिखरांमधून वाट काढीत नेले आणि लेहच्या वाळूत उतरवले. थिमय्या स्वतः त्याच विमानात बसले होते. पाठोपाठ गुरखा जवानांची कुमक विमानांनी लेहला पोचली, आणि लेह शत्रूच्या हाती पडता पडता राहिले. मेहरसिंगांना महावीर चक्र मिळाले. त्याच वर्षी ते विमानदलातून बाहेर पडले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना त्यांचे विमान वादळात सापडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे छत्तीस-सदतीस.

ज्या माणसाने लढाऊ तुकडीत कीर्ती मिळवली, तो आणीबाणीच्या वेळी ओझ्याच्या विमानात जाऊन बसला. का बसला? त्या घटकेला देशाचे अडले होते ते त्या बैठकीत. मला वाटते, आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

गुण शत्रूचा असला तरी सांगावा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या दोन टेंपेस्ट विमानांनी चिलासच्या बाजूला पाकिस्तानचे एक डाकोटा गाठले. त्याचे वैमानिक मुख्तार अहमद डोगर. हाती शस्त्र नाही, वेग कमी. आपल्या वैमानिकांनी त्यांना भारतीय तळावर यायची खूण केली, ती त्यांनी मानली नाही. गोळ्या सुटल्या, विमानातला एक जण मेला. डोगरांनी ते जड विमान सिंधूच्या अरुंद दरीत, नदीच्या पाण्यालगत उतरवले आणि वळणावळणाने पळवीत निसटवून नेले. बाजू कोणतीही असो, निःशस्त्र विमानाचा वैमानिक कशा धातूचा असावा लागतो, ते यावरून दिसते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट नावाचे मालवाहू विमान दौलत बेग ओल्डी इथे उतरवले. ती जागा साडेसोळा हजार फुटांहून उंच! त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले. त्या युद्धात आपली लढाऊ आणि बाँबफेकी विमाने माऱ्यासाठी वापरलीच गेली नाहीत. तयार वैमानिक तळांवर बसून राहिले. राबली ती मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस तर अँटोनोव्ह विमानांनी सहा हलके रणगाडे चुशूलच्या पट्टीवर, चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर, नेऊन उतरवले. ते युद्ध आपण हरलो, पण चुशूलच्या विमानतळापर्यंत शत्रू पोचला नाही.

या कामाची किंमतही सांगितली पाहिजे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेले एक अँटोनोव्ह विमान खराब हवेमुळे मागे फिरले आणि रोहतांगच्या बाजूला नाहीसे झाले. आत १०२ माणसे होती. पस्तीस वर्षे पत्ता नाही. २००३ साली गिर्यारोहकांना हिमनदीत पहिले अवशेष सापडले. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले. छप्पन्न वर्षांनी घरी आलेल्या त्या जवानांना ज्यांनी खांदा दिला, त्यांच्यातल्या कित्येकांनी त्यांना जिवंतपणी पाहिलेही नव्हते. हे युद्ध नव्हते, शत्रूची गोळी नव्हती. नेहमीची एक फेरी होती.

आणि आता दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. १४ डिसेंबर १९७१. तेच श्रीनगर, तोच तळ. पाकिस्तानची सहा सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर बाँब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले छोटे नॅट विमान वर काढले. सोबतचे विमान धुरळ्यात आणि ढगांत चुकले. सेखों एकटे पडले. एकट्याने सेबर विमानांना भिडले आणि झुंजता झुंजता कामी आले. विमानदलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र ते त्यांचेच. तिथे दुसरा वैमानिक शेजारी नव्हता, सल्ला विचारायला सवड नव्हती. अशा क्षणी एकट्याने उभे राहणारा माणूसही देशाला लागतो, आणि तो असा लागतो की त्याची जागा दुसरे कोणतेच विमान घेऊ शकत नाही.

मग निवड कोण करतो? हैदराबादजवळच्या डुंडिगल इथल्या विमानदल प्रबोधिनीत सगळे वैमानिक आधी एकाच प्रकारच्या लहान विमानावर शिकतात. मग तीन वाटा फुटतात: लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर. शिकाऊ वैमानिकाला त्याची पसंती विचारली जाते. पण शिक्षकाने त्याच्याबद्दल काय पाहिले, त्याच्या पायांची व धडाची लांबी लढाऊ विमानाच्या बैठकीत बसते की नाही, आणि मुख्य म्हणजे त्या वर्षी कोणत्या विमानावर किती माणसे हवी आहेत, हे सगळे पाहून अखेरचा निर्णय होतो. पसंती विचारतात, पण शब्द अखेरचा दलाचा. मुलींची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९९४ सालापासून मुली मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे चालवू लागल्या. लढाऊ विमानांचे दार त्यांना उघडले ते २०१६ साली, जेव्हा अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी दाखल झाल्या. बावीस वर्षे लागली! एकदा दार उघडल्यावर त्याही मुलांसारखीच लढाऊ विमाने उडवू लागल्या.

सातारच्या सैनिकी शाळेतून, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून आपल्याकडची मुले दरवर्षी या वाटेला लागतात. त्यांतल्या काहींना हवी ती वाट मिळत नाही. लढाऊ विमान हुकले म्हणून हिरमुसलेला मुलगा सुट्टीला घरी येतो, आणि गावातले कोणीतरी सहज म्हणून जाते, "म्हणजे तू हमालीची विमानं चालवणार तर!" तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. म्हणून हे सांगायचे.

इतिहास शिकवणाऱ्यांनी पानिपत आठवावे. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांकडे शूरांची वानवा होती का? मुळीच नव्हती. वानवा होती ती दाण्यागोट्याची. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि उपाशी माणसे, उपाशी घोडी रणात उतरली. आपण भाऊसाहेबांचे, विश्वासरावांचे नाव घेतो. रसदीच्या पाठीमागे धावता धावता मेलेल्या त्या म्हाताऱ्या गोविंदपंताचे नाव किती मुलांना ठाऊक आहे? पुंछच्या वेढ्यात मात्र रसद तुटली नाही. ती हवेतून येत राहिली. म्हणून पुंछचे पानिपत झाले नाही.

तेव्हा, शिक्षकबंधुभगिनींनो, उद्या पटांगणात तो मुलगा "लढाऊ!" म्हणाला, तर त्याला नाउमेद करू नका. सेखोंची गोष्ट सांगा. पण तिथेच थांबू नका. त्याच श्रीनगरच्या आकाशात चोवीस वर्षांपूर्वी, हाती एकही शस्त्र नसताना, मागे जवान बसवून धुळीच्या पट्टीवर उतरलेल्या डाकोटावाल्यांचीही गोष्ट सांगा. मेहरसिंगांची सांगा. आणि मग त्यालाच विचारा, "एकट्याने झुंजायची हिंमत तुझ्यात आहे, हे कळलं. पण तुझ्या मागे वीस माणसं बसलेली असतील, तर त्यांना सुखरूप न्यायची हिंमत आहे का?" दोन्हींना "हो" म्हणणारा मुलगा कोणत्याही विमानात बसला तरी देशाचे काम अडणार नाही.